वय किती, आणि विचारणारा कोण?

महाराष्ट्रात १ जून या तारखेला जितकी माणसं जन्मली तितकी वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच दिवशी जन्मलेली नाहीत. कागदावर तरी. तुमच्या घरातही एखादे चाचा, एखादी फुफी, शेजारचे एखादे आप्पा ‘एक जून’वाले असतीलच. सरकारी नोकरीतली ही मंडळी ३१ मेला एकदमच निवृत्त होतात आणि त्या संध्याकाळी तालुक्याच्या गावात हारवाल्यांची चांदी होते.

कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि बापाकडे तारीख नसायची. त्याच्याकडे आठवण असायची: पूर आला होता त्या साली, थोरलीच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात. आमच्या मुस्लिम घरांत तर आणखी पेच. ‘मोहरमच्या नवव्या रात्रीचा आहे जी’ असं सांगणारी आई अगदी अचूक सांगत असायची, पण हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. मोहरम कधी पावसाळ्यात, कधी थंडीत. गुरुजी त्याचं गणित कुठे मांडत बसणार? ते पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. हात कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं. जनरल रजिस्टरात १ जून आणि हिशोबाने येणारं साल. झाला जन्म.

मी कुरुंदवाडला उर्दू आणि मराठी शिकवते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत जुनी जनरल रजिस्टरं उलटून पाहायचा मला छंदच होता. एका पानावर ओळीने एक जून, एक जून, एक जून. मधेच एखादी ‘खरी’ तारीख दिसली की समजायचं, या घरात कुणीतरी शिकलेलं होतं. या रजिस्टरातल्या एका ओळीवर पुढे दाखला निघायचा. त्या दाखल्यावर नोकरी, पेन्शन, पासपोर्ट, लग्नाचं वय, कोर्टातली साक्ष. ज्या वयावर माणसाचं सगळं आयुष्य तोललं गेलं, ते वय कान धरून ठरलेलं.

सध्या जगभर मुलांच्या सोशल मीडियाला वयाची मर्यादा घालण्याची चर्चा आहे, म्हणून ही रजिस्टरं आठवली. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांवर वय तपासणं सक्तीचं झालं. आपल्या शेजारी गोव्यात सरकारने जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियासारख्या बंदीचा विचार बोलून दाखवला. दिल्लीने २०२३ सालीच वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला आहे. त्यात ‘मूल’ म्हणजे अठरा वर्षांखालचं कुणीही. मुलाची माहिती वापरायची तर आई-बापाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे.

मर्यादा तेरा असावी, सोळा की अठरा, यावर पालकसभेत तावातावाने बोलणारे खूप भेटतात. वय तपासणार कसं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. लहान कोण हे ओळखायचं तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला तपासावं लागतं, माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बाईलाही. एक तर ओळखपत्र दाखवा, नाही तर कॅमेऱ्यासमोर चेहरा धरा, यंत्र अंदाज करेल. हा दुसरा प्रकार वाचला तेव्हा मला हसू आलं. ही गुरुजींचीच परीक्षा. हातापायावरून वय ओळखायचं, उंच पोरगं पुढे जातं, खुरटलेलं मागे राहतं. फरक इतकाच की गुरुजी कान धरायला लावायचे आणि विसरून जायचे. यंत्र विसरेलच असं नाही.

वयाच्या मर्यादेवरून आपल्या भागात पहिलं मोठं वादळ उठलं त्याला आता सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. संमतिवयाचा कायदा, १८९१. शाळेच्या पुस्तकात तो टिळक-आगरकर वादाची एक ओळ म्हणून येतो आणि परीक्षेत दोन मार्कांना विचारला जातो. पण तो वाद आज पुन्हा वाचण्यासारखा आहे, कारण वय, पुरावा आणि घराचा उंबरठा या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या होत्या.

१८६० च्या दंडसंहितेत पत्नीशी शरीरसंबंधासाठी वयाची अट होती दहा वर्षं. दहाच्या आतली असेल तरच गुन्हा. बेहरामजी मलबारी या मुंबईच्या पारशी पत्रकाराने १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून सरकारपुढे ठेवली आणि वादाला तोंड फुटलं. मग १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. नवरा तिशीच्या पुढचा. खटल्यात तिच्या वयाचा प्रश्न आला. ती दहाच्या वर, अकराच्या आसपास असल्याचं मानलं गेलं, त्यामुळे बलात्काराचा आरोप टिकलाच नाही आणि हरिमोहन मैतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका वर्षाच्या फरकाने एका मुलीचा मृत्यू कायद्याच्या दृष्टीने वेगळाच ठरला.

९ जानेवारी १८९१ रोजी अँड्र्यू स्कोबल यांनी कौन्सिलात विधेयक मांडलं: दहाऐवजी बारा. १९ मार्चला ते मंजूर झालं. रानडे, तेलंग, भांडारकर, आगरकर बाजूने, टिळक विरोधात. भांडारकरांनी शास्त्रग्रंथांतून दाखवून दिलं की वाढीव वय धर्माच्या आड येत नाही. टिळकांनी त्यावर उलट ग्रंथ काढले. टिळकांचा मुद्दा मूळ सुधारणेविरुद्ध होता असं सरसकट म्हणणं योग्य नाही. मुलींचं लग्न सोळाच्या आत आणि मुलांचं विसाच्या आत करायचं नाही, असं सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. परक्या सरकारने कायदा करून घरात शिरायचं नाही, हे त्यांचं म्हणणं.

विरोधकांचा एक प्रश्न मात्र मला आजही बिनतोड वाटतो: वय सिद्ध कसं करणार? जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा एक कायदा १८८६ साली झाला होता, पण ती नोंदणी ऐच्छिक. बहुतेक मुलींची कुठेच नोंद नाही. म्हणजे संशय आला की पोलीस घरात येणार, आणि मुलीची डॉक्टरी तपासणी होणार. घराची अब्रू चव्हाट्यावर येणार. ‘खासगीपणा’ हा शब्द तेव्हा रुळला नव्हता, ‘अब्रू’ हा होता आणि तो जास्त धारदार होता.

सरकारनेही ही भीती मानली. नवऱ्यावर असा आरोप असेल तर साध्या मॅजिस्ट्रेटने दखल घ्यायची नाही. ती फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट यांनीच घ्यायची. पोलीस तपास करायचाच झाला तर इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाचा माणूस त्यावर नेमायचा नाही. गावच्या फौजदाराला ऊठसूट कुणाच्याही दारात उभं राहता येऊ नये, एवढ्यासाठी. तरतूद शहाणपणाची वाटते. तिचा परिणाम असा झाला की खटले जवळजवळ झालेच नाहीत. अकरा वर्षांची, सासरी असलेली, निरक्षर मुलगी जिल्हा मॅजिस्ट्रेटपर्यंत कशी पोचणार होती? घराला जितकं संरक्षण दिलं तितकं ते मुलीच्या वाट्यातून कापलं गेलं.

खासगीपणाच्या बाजूने बोलताना मी स्वतःला हे मुद्दाम आठवून देते. १८९१ साली ‘घरात शिरू नका’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना घर म्हणजे घरातला पुरुष अभिप्रेत होता. त्याआधीचा रखमाबाईंचा खटला पाहा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ साली न्या. फॅरन यांनी हुकूम केला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग परवडला पण जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. सरकारने घरात डोकावू नये म्हणणारी मंडळी या खटल्यात त्याच सरकारच्या कोर्टाकडून एका बाईला घरात ढकलून घ्यायला उत्सुक होती. ‘केसरी’ त्यांच्याच बाजूने होता. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेल्या.

रखमाबाईंची आणखी एक गोष्ट मुलींना सांगताना मी नेहमी थांबते. १८८५ साली त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं लिहिली. सही होती ‘एक हिंदू स्त्री’. नाव नाही, पत्ता नाही. नावाने लिहिलं असतं तर काय झालं असतं हे पुढे नाव उघड झाल्यावर दिसलंच. आज वयाच्या निमित्ताने प्रत्येक खात्याच्या मागे ओळखपत्र बांधलं, तर पुढची ‘एक हिंदू स्त्री’ किंवा ‘एक मुस्लिम मुलगी’ कुठे लिहिणार? आणि मुलांना लिहायला जागाच नको, असं म्हणण्याआधी मुक्ता साळवे आठवावी. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय चौदा सांगितलं जातं. आजच्या ऑस्ट्रेलियाच्या हिशोबाने दोन वर्षं कमी.

पुढचा टप्पा १९२९चा. यात आपण मुसलमानही थेट आहोत. १८९१ नंतर वयाची अट १९२५ साली पत्नीसाठी तेरा झाली होती. मग सरकारने सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य. समिती देशभर फिरली. तिला दिसलं ते हे: कायदा आहे हे लोकांना माहीतच नाही, आणि जिथे माहीत आहे तिथे वय सिद्ध करता येत नाही. जन्माची आणि लग्नाची नीट नोंद ठेवल्याशिवाय वयाचा कायदा चालणार नाही, हे तिच्या अहवालाचं सार. गुरुजींच्या एक जूनने हेच दुखणं आपल्या पद्धतीने बरं केलं होतं, खोटी का होईना, एक तारीख देऊन.

त्याच वर्षी हरबिलास सारडा यांचा बालविवाह प्रतिबंधक कायदा मंजूर झाला. मुलीला चौदा, मुलाला अठरा. सगळ्या धर्मांना लागू. मौलाना मोहम्मद अली त्याच्या विरोधात गेले, शरीयतमध्ये ढवळाढवळ म्हणून. बॅरिस्टर जिना केंद्रीय विधिमंडळात कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आज या दोघांच्या प्रतिमा लोकांच्या मनात नेमक्या उलट आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आमच्या फिक्हमध्ये मुळात वयाचा आकडा नंतर येतो. आधी ‘बुलूग’, शरीराच्या खुणा. खुणा दिसल्याच नाहीत तर पंधरा वर्षं धरायची, असं शाफई मानतात. इमाम अबू हनीफांचं मत मुलीला सतरा आणि मुलाला अठरा. म्हणजे वय हा अंदाज आहे आणि अंदाजात फरक पडतो, हे जुन्या फकिहांना ठाऊक होतं.

सारडा कायद्याच्या तीन गोष्टी आजच्या वाचकाने लक्षात ठेवाव्यात. एक, कायदा मंजूर झाला सप्टेंबर १९२९ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत लहान पोरांची लग्नं उरकण्याची अशी झुंबड उडाली की १९३१ च्या जनगणनेत ती दिसून आली. बंदी येणार म्हणून बंदीच्या आधीच उरकून घ्या. दुसरी, तक्रार करणाऱ्यालाच शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका लिहून द्यावा लागे. त्या काळचे शंभर! शेजाऱ्याच्या पोरीसाठी कोण देणार होतं? आणि तिसरी गोष्ट आमच्या गावाशी जवळची आहे. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होता, संस्थानांना आपोआप नाही. संस्थानांचं आपलं आपलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ सालीच बालविवाहबंदीचा कायदा केला होता, तर इतर कितीतरी ठिकाणी काहीच नव्हतं. त्यामुळे हद्द ओलांडून लग्न लावून यायची सोय होती आणि लोकांनी ती वापरली.

कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, त्यातही थोरली पाती आणि धाकटी पाती. एका अंगाला कोल्हापूरचं राज्य, पलीकडे मिरजेच्या दोन पात्या, सांगली, शिवाय मधेमधे इंग्रजांचा मुलूख. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात सकाळी निघालेलं वऱ्हाड दुपारपर्यंत तिसऱ्याच राज्यात पोचत असे. १९४८-४९ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि या हद्दी पुसल्या. मोबाईलमध्ये त्या पुन्हा उगवल्यात. ब्रिटनने वयाची तपासणी सक्तीची केली त्याच आठवड्यात तिथे व्हीपीएनची मागणी एकदम वाढली. व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्याच देशात बसलो आहोत असं संकेतस्थळाला भासवणारी सोय. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ती ‘संस्थानात जाऊन लग्न लावणं’ म्हणून समजावून सांगितली. त्यांना सोय आधीच माहीत होती, संस्थान समजावून सांगावं लागलं.

बाहेरचा एक अनुभव फार बोलका आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुलं आई-बापाचा नागरिक क्रमांक टाकून खेळत राहिली. दहा वर्षांनी कायदा मागे घेतला. त्याच देशात त्या काळात मोठ्या संकेतस्थळांवर लिहायला खरं नाव आणि ओळख पडताळावी लागे. त्यामुळे कंपन्यांकडे कोट्यवधी लोकांची माहिती साठली, आणि २०११ साली एका झटक्यात सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. खऱ्या नावाची ती सक्ती २०१२ मध्ये तिथल्या घटनापीठाने रद्द केली. अगदी अलीकडचं सांगायचं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने कळवलं की सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. त्यांत वय सिद्ध करायला लोकांनी दिलेली ओळखपत्रं होती.

आपल्याकडे ओळखपत्र म्हणजे काय, हे शहरातल्या धोरण लिहिणाऱ्यांना कळतं की नाही, मला शंका आहे. रजिस्टरात ‘शेख’चा ‘शेक’ झालेला, आधारवर तिसरंच स्पेलिंग, रेशनकार्डावर आईचं माहेरचं नाव. उर्दूतला ‘ख़े’ आणि ‘ग़ैन’ मराठी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातात कसा उतरेल ते त्याच्या त्या दिवशीच्या मर्जीवर. पूर्वी याची गंमत वाटायची. आता नाही वाटत. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने उशिरा नोंदवलेल्या जन्माचे दाखले देणं थांबवलं, मालेगावच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमलं आणि पुढे तहसील पातळीवर दिलेले कितीतरी दाखले रद्द झाले. घुसखोरांना दाखले मिळतात असा आरोप होता. खोट्या कागदाची चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण दाखला उशिरा काढणारा प्रत्येक जण घुसखोर नसतो. बहुतेकांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं. त्यानंतर माझ्याकडे जुना दाखला शोधायला येणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आहे. २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा ठरवला आहे, म्हणजे पुढच्या पिढीचा प्रश्न सुटेलही. आत्ताच्या सातवी-आठवीतल्यांचा नाही. या घरांना ‘इन्स्टाग्राम वापरायचंय तर कागद दाखवा’ असं सांगणं आणि कोल्हापुरातल्या एखाद्या डॉक्टरच्या घरात तेच सांगणं, यात फरक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. नऊ न्यायमूर्ती, एकमत. त्या निकालपत्रातले दोन मुद्दे इथे कामाचे आहेत. न्या. चंद्रचूड यांनी लिहिलं की खासगीपणाच्या नावाखाली घरातला पुरुषी अन्याय झाकता येऊ नये. १८९१ चंच उत्तर ते, सव्वाशे वर्षांनी. आणि न्या. कौल यांनी मुलांच्या खासगीपणाला खास संरक्षण हवं म्हटलं, कारण लहानपणीच्या चुका इंटरनेटवर कायमच्या राहतात आणि जन्मभर पाठलाग करतात.

हा दुसरा मुद्दा कोल्हापूर जिल्ह्यातल्या आई-बापांना वेगळा समजावून सांगायला नको. जून २०२३ मध्ये काही मोबाईल स्टेटसवरून शहर पेटलं. ७ जूनला दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्या स्टेटसच्या प्रकरणात अल्पवयीन मुलंही होती. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने कुणाचं तरी ऐकून एक चित्र लावायचं आणि अख्ख्या मोहल्ल्याने रात्र जागून काढायची. त्या दिवसांत मलाही वाटलं होतं, काढूनच घ्या सगळ्यांचे फोन. तेव्हा मर्यादेला माझा विरोध नाही. रात्री दोनपर्यंत रील पाहून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी मुलं मला रोज दिसतात, आणि अनोळखी माणसाच्या मेसेजने घाबरलेल्या मुलीही.

पण मर्यादेचा काच कुणावर बसवायचा ते आधी ठरलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दोन-तीन गोष्टी मला पटतात. दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आई-बापाला एक पैसाही नाही. सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवायला कंपनीला मनाई आहे. आणि वय तपासायला घेतलेली माहिती काम झालं की नष्ट करायची आहे. कंपनी खरंच नष्ट करते की नाही हे कोण बघणार, हा प्रश्न उरतोच.

आपल्या कायद्यात भर आई-बापाच्या संमतीवर आहे, आणि इथे मला हसावं की रडावं कळत नाही. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत स्मार्टफोन एक. तो अब्बूंच्या नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर. अब्बू इचलकरंजीला मागावर रात्रपाळीला. अम्मीला ओटीपी आला की ती पोरालाच हाक मारते, ‘बघ रे काय आलंय’. शिष्यवृत्तीचा फॉर्म, रेशनचं केवायसी, गॅसची नोंदणी, सगळं आठवीतलं पोरगंच करतं. तेच आपल्या खात्यासाठी आईची संमतीही देईल, आईच्या बोटाने. आणि जिथे बाप खरंच संमती देणार-नाकारणार, तिथे मुलाला होकार आणि मुलीला नकार मिळणार, हे सांगायला समिती नेमायची गरज नाही.

वय आणि खासगीपणा यांचा एकत्र विचार मी लहानपणी शाळेत नाही, मक्तबमध्ये ऐकला. सूरह नूरमध्ये घरातल्या लहान मुलांनी दिवसातल्या तीन वेळा परवानगी विचारून खोलीत यावं असं सांगितलं आहे: फज्रच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावण्याची वेळ, आणि इशाच्या नंतर. वयात आली की मोठ्यांसारखी प्रत्येक वेळी विचारावी. आमच्या उस्तानीबी हे शिकवताना एक गोष्ट वर सांगायच्या: तुम्हीही पोरांच्या खोलीत खोकून जा. दुसरा भाग कुठल्या किताबात नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. बऱ्याच घरांत आता पालक पोराचा मोबाईल रोज रात्री चाळतात आणि त्याला काळजी म्हणतात. पोरगं दुसरं खातं उघडतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास सगळं गाव टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवतं, मुलं अभ्यासाला बसतात. तिथे कुणाला वय विचारावं लागत नाही, कारण मोबाईल सरपंचानेही ठेवायचा असतो. त्याच सुमारास यवतमाळच्या पुसद तालुक्यात बांशी ग्रामसभेने अठराच्या आतल्यांना मोबाईल बंदीचा ठराव केला. तिथे वय विचारणं आलं, पाळत आली, दंड आला. दोन्हीकडे हेतू एकच होता. मला वडगावचा मार्ग जास्त पटला, पण माझी एक सहकारी म्हणाली की सात ते साडेआठ ठीक आहे, साडेआठनंतर काय. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं.

केंद्राच्या नियमांची अठरा महिन्यांची मुदत २०२७ च्या मे महिन्यात संपेल. तोवर कंपन्या आपापल्या तपासण्यांचे मसुदे करत असतील. आमच्या पालकसभेत मी एवढंच सांगायला सुरुवात केली आहे: वय विचारणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपला आधारचा फोटो पाठवू नका, दुसरा मार्ग आहे का ते आधी बघा; पाठवावाच लागला तर मला नाहीतर शिकलेल्या कुणाला दाखवा. आणि आधारवरची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी एकदा जुळवून घ्या. मागच्या सभेला अकरा जण कागद घेऊन आले. त्यातले चार आजोबा होते, आणि चौघांची तारीख तीच, तुम्ही ओळखलीच असेल.